ब्रेक दाबला की फाकणाऱ्या नळ्या: व्ही-ब्रेकच्या हलक्या कमानीचा हिशोब

व्ही-ब्रेक म्हणजे दोन उभ्या आर्मवरचे रबरी शू रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक. असा ब्रेक असलेल्या एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या, मागच्या चाकापाशी उकिडवं बसा आणि दुसऱ्या कुणाला तरी मागचा ब्रेक जीव खाऊन दाबायला सांगा. नजर चाकावर नको. सीटखालून मागच्या ॲक्सलपर्यंत उतरणाऱ्या दोन बारीक नळ्या असतात, सीट-स्टे, त्यांच्याकडे बघा. शू रिमला टेकेपर्यंत काहीच होत नाही. टेकल्यावर मात्र लिव्हर आत येतच राहतो आणि त्या दोन नळ्या दोन्ही बाजूंना फाकत जातात. लिव्हर सोडला की पुन्हा जागेवर.

हे डोळ्यांनी बघून भागत नाही, मोजावं लागतं. सीट-स्टेवरच्या ज्या दोन खुंटांवर ब्रेकचे आर्म बसलेले असतात, त्यांच्या बोल्टच्या डोक्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर व्हर्निअरने घ्या, एकदा लिव्हर मोकळा असताना आणि एकदा दाबून धरलेला असताना. फरक १ मिमीच्या आत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. नवे शू आणि नवी केबल घ्या, तेवढ्यावर काम होईल. फरक २-३ मिमी असेल तर नालेच्या आकाराच्या त्या धातूच्या पट्टीचा विचार करायला हरकत नाही, जी दुकानात ब्रेक बूस्टर म्हणून मिळते. इथे तिला कमान म्हणू.

शिमानोचे व्ही-ब्रेक १९९६ साली आले. त्याआधीच्या कॅन्टिलिव्हर आणि यू-ब्रेक या रिम ब्रेकच्या काळातही नळ्या फाकण्याची तक्रार होतीच, आणि कमानीही होत्या. पुढे डिस्क ब्रेक आले, त्यांचा जोर ॲक्सलजवळ जातो, सीट-स्टेवरचे ते दोन खुंट गेले आणि कमानीही मागे पडल्या. तरी आपल्याकडे व्ही-ब्रेकच्या नव्या सायकली आजही विकल्या जातात आणि २६ इंची जुन्या चांगल्या फ्रेम हातोहात फिरत असतात. शिवाय ट्रायल्सवाले, म्हणजे दगडांवरून आणि कठड्यांवरून उड्या मारणारे, अजूनही रिम ब्रेक आणि कमान दोन्ही वापरतात.

नळ्या फाकतात का, याचा हिशोब कागदावर अगदी सोपा आहे. बोटांनी लिव्हरवर १०० न्यूटन, साधारण १० किलोचा जोर दिला असं धरू. लिव्हर तो अडीचपट करून केबलला देतो: २५० न्यूटन. केबलचं घर्षण सोडून देऊ. आर्म खुंटापासून केबलपर्यंत १०५ मिमी लांब आणि शू खुंटापासून ३० मिमी वर असेल तर शू रिमवर २५० गुणिले साडेतीन, म्हणजे ८७५ न्यूटनने दाबला जातो. रिमही शूला तेवढ्याच जोराने बाहेर ढकलते. आर्मला वरून केबल २५० ने आत ओढते आहे, मधून रिम ८७५ ने बाहेर रेटते आहे. उरलेले ६२५ न्यूटन कोण सांभाळतं? तो खुंट. डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, प्रत्येकावर ६०-६५ किलोचा बाहेरचा रेटा.

आणि हा रेटा नळीच्या मध्यावर पडत नाही. आर्म नळीपासून २० मिमीभर लांब असतो, त्यामुळे नळी बाहेर वाकते ती वाकतेच, वर स्वतःभोवती पिळतेही. ६२५ गुणिले २० मिमी म्हणजे साडेबारा न्यूटन-मीटरचा पीळ. ब्रेकचा एम६ बोल्ट आपण जेवढा आवळतो त्याच्या दुप्पट. बारीक नळ्यांची हलकी फ्रेम असली की पिळण्याचा भाग वाकण्याइतकाच त्रास देतो. कमान खुंटांच्या टोकांना बांधलेली असते, नळीपासून सर्वांत लांब, म्हणून ती या दोन्ही गोष्टी अडवते.

आता बोटांना काय जाणवतं ते बघू. समजा एकूण ३ मिमी फाकलं, प्रत्येक बाजूला दीड. शू रिमला टेकून बसला आहे, खुंट दीड मिमी बाहेर सरकला, तर आर्मचं वरचं टोक पावणेचार मिमी आत येतं. दोन्ही बाजू मिळून साडेसात मिमी केबल. अडीचपटीच्या लिव्हरवर बोटांची चाल झाली जवळपास १९ मिमी! शू टेकल्यानंतरची ही सगळी चाल फ्रेम वाकवण्यात जाते. लिव्हर हँडलच्या रबरापर्यंत येतो, ब्रेक मऊ लागतो, नेमका किती लागतोय हे कळत नाही, आणि मेकॅनिक केबल आवळून शू रिमला घासेपर्यंत जवळ आणून ठेवतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण विकणारे सांगत नाहीत. कमान लावल्याने ब्रेकची ताकद वाढत नाही. बोटांचा जोर तोच असेल तर शूवरचा दाबही तोच राहतो, फ्रेम कितीही वाको. वाचते ती फक्त चाल. ताकद वाढल्यासारखी वाटते त्याची कारणं दोन. आधी लिव्हर हँडलला टेकत असेल तर पूर्ण जोर मुळात लागतच नव्हता, तो आता लागतो. दुसरं कारण जास्त कामाचं: वाचलेली चाल खर्च करता येते. काही लिव्हरमध्ये केबल कुठे ओढायची ती जागा बदलता येते, ॲव्हिडच्या स्पीड डायल लिव्हरला त्यासाठी चक्क फिरवायचा नॉब आहे. केबलची पकड पिव्होटजवळ आणली की चाल जास्त लागते, पण जोराची पट वाढते. फाकणाऱ्या फ्रेमवर हे करायची सोय नसते, लिव्हर आधीच हँडलला भिडलेला असतो. कमान लावल्यावर ही सोय होते, आणि माझ्या मते कमानीचा खरा फायदा इथेच आहे.

मागुराचे एचएस३३ हायड्रॉलिक रिम ब्रेक असतील तर मात्र कमानीशिवाय बसवूच नयेत. तिथे आर्म नाही, केबलची आत ओढ नाही. सिलिंडर शूला थेट रिमवर रेटतो आणि परत येणारा सगळा जोर माउंटवर पडतो. वरच्याच हिशोबात खुंटावर ६२५ ऐवजी पूर्ण ८७५. त्यात हायड्रॉलिकमध्ये शूची चाल मुळात थोडी, ती फ्रेमने खाल्ली तर काय उरणार?

पुढच्या ब्रेकच्या कुईं-कुईं आवाजाचाही याच्याशी संबंध आहे. शू लावताना त्याची पुढची कड आधी टेकेल असा एक मिमीचा तिरकेपणा देतात. पुढच्या चिमट्याला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कला, खुंट पुढे आलेले असतात. चिमट्याचे पाय पिळून खुंटांची टोकं बाहेर गेली की शूची पुढची कडही बाहेर जाते. २० मिमी लांबीच्या खुंटाचं टोक अर्धा मिमी जरी फिरलं तरी ७० मिमी लांब शूवर तो फरक पावणेदोन मिमी होतो, म्हणजे दिलेला तिरकेपणा संपून उलटा झाला. मग शूची मागची कड रिमवर थडथडते. तिरकेपणा वाढवून हा आवाज थोडे दिवस बंद होतो, शू त्या आकारात झिजला की परत येतो. मागच्या बाजूला खुंट उलट्या दिशेला असल्याने तिरकेपणा कमी न होता वाढतो, तिथल्या आवाजाची कारणं बहुधा वेगळी असतात: रिमवरचं तेल, चकाकी आलेला शू, आर्मच्या बुशमधली (आर्म ज्यावर फिरतो त्या नळीतली) ढिलाई. त्यांच्यासाठी कमान घेऊ नका.

धातू कोणता?

यावर जेवढी चर्चा होते तेवढी लायकी या प्रश्नाची नाही. ताठपणा मोजणारा आकडा आणि घनता यांचा भागाकार करून बघा. ॲल्युमिनियम: ६९ भागिले २.७. स्टील: २०० भागिले ७.८५. टायटॅनियमचा ६-४ मिश्रधातू: ११४ भागिले ४.४३. तिन्हींचं उत्तर २५ ते २६ च्या मध्ये येतं. एकाच आकाराच्या आणि एकाच रुंदीच्या पट्ट्या तिन्ही धातूंतून समान वजनाच्या कापल्या तर त्या सारख्याच फाकतील. फरक फक्त जाडीत. ५ मिमी ॲल्युमिनियमच्या वजनाची स्टीलची पट्टी जेमतेम पावणेदोन मिमीचा पत्रा होते, तो दाबाखाली आडवा मुरगळतो आणि बोल्टच्या डोक्याखाली धड बसत नाही. ॲल्युमिनियम निवडायचं ते एवढ्यासाठी. टायटॅनियमची कमान दिसायला सुरेख, बाकी खिशाचा प्रश्न.

तसंच ७०७५ आणि ६०६१ या ॲल्युमिनियमच्या दोन मिश्रधातूंचं. ७०७५ जास्त जोर सोसतं यात वाद नाही, ६०६१-टी६ कायमचं वाकायला २७५ मेगापास्कलच्या आसपास लागतात तर ७०७५-टी६ ला ५०० च्या घरात. पण ताठपणा दोघांचा जवळजवळ एकच. नीट आकाराच्या कमानीत नेहमीच्या ब्रेकिंगला ताण १०० मेगापास्कलच्या खालीच राहतो, मग त्या जास्तीच्या ताकदीचं करायचं काय? कमान तुटते ही अडचण कधी नव्हतीच, ती वाकते ही अडचण आहे.

आपल्याकडे स्टॉकिस्टकडे ६०६१ मागितलं तर कधी मिळतं, कधी ‘एचई-३० आहे’ असं उत्तर येतं. एचई-३० म्हणजे ६०८२, बिनधास्त घ्या. फक्त ते उष्णता देऊन कडक केलेल्या टी६ अवस्थेतलं, जुन्या बोलीत ‘डब्ल्यूपी’, आहे का ते विचारा. भांड्यांचा किंवा छपराचा मऊ पत्रा चालणार नाही. ताठपणात तोही मागे नाही, गंमत म्हणजे, पण एकदा घाटात जोराचा ब्रेक लागला की वाकून तसाच राहील. मुंबईत गुलालवाडी-किका स्ट्रीटच्या पट्ट्यात, पुण्यात भोसरीच्या आसपास कापलेले तुकडे वजनावर मिळतात, आणि कमानीला लागतो तो तुकडा वहीच्या पानापेक्षा लहान.

खरा खेळ रुंदीचा

कमान ज्या पातळीत फाकते त्या पातळीतला तिचा ताठपणा जाडीच्या पटीत वाढतो आणि रुंदीच्या घनाच्या पटीत. जाडी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट, रुंदी दुप्पट केली तर आठपट. वजन मात्र दोन्हीकडे दुप्पटच. दुसरी गोष्ट, वाकवणारा जोर खुंटापाशी शून्य असतो आणि वर चढत जाऊन माथ्याला सर्वांत जास्त होतो. खुंटांमध्ये ८० मिमी, सरळ पाय ५५ मिमी, वर अर्धगोल, अशी कमान धरली तर एकूण फाकण्यातलं जवळपास ९० टक्के फाकणं त्या अर्धगोलात होतं. पायांत जेमतेम दहा टक्के. तरीही बाजारातल्या कितीतरी कमानी पायांत भरीव असतात आणि माथ्यावर कंपनीचं नाव कोरून आरपार कापलेलं असतं. जिथे धातू हवा नेमका तिथूनच काढलेला.

दोन कमानींची तुलना करून बघू, दोन्ही ॲल्युमिनियमच्या आणि दोन्हींवर पूर्ण ६२५ न्यूटन. पहिली सगळीकडे १८ मिमी रुंद, ५ मिमी जाड: वजन ५९ ग्रॅम, फाकते ३.८ मिमी. दुसरी ४ मिमी जाड, पण माथ्याला ३० मिमी रुंद आणि पायांत सरासरी २०: वजन ७३ ग्रॅम, फाकते दीड मिमी. माथ्याच्या मधल्या रेषेवर १० मिमीची सात भोकं पाडली की ती ६७ ग्रॅमवर येते. ३० मिमी पट्टीच्या बरोबर मध्यावरचं १० मिमीचं भोक त्या जागी ताठपणा चार टक्क्यांपेक्षा कमी घटवतं, कारण मधला धातू वाकण्याला फारसा विरोध करतच नसतो. पहिलीपेक्षा ८ ग्रॅम जास्त आणि फाकणं निम्म्याहून कमी.

फ्रेम आणि कमान मिळून काम करतात, तेव्हा शेवटचा आकडा दोघांचा मिळून येतो. ३ मिमी फाकणाऱ्या फ्रेमला पहिली कमान लावली तर १.७ मिमी उरतात, दुसरी लावली तर १ मिमी. लिव्हरवरच्या त्या १९ मिमीचे पहिल्या कमानीने साडेदहा होतात, दुसरीने सहा. म्हणून दुकानात कमान घेताना वजनाचा आकडा नंतर वाचा, आधी माथ्याची रुंदी बोटांत धरून बघा. २० मिमीपेक्षा अरुंद असेल तर ती शोभेची आहे. आणि फ्रेम मुळात १ मिमीच फाकत असेल तर चांगली कमानही ते ०.६ वर आणेल. चार दशांश मिमीसाठी ६७ ग्रॅम वाहायचे का, ते ज्याचं त्याने ठरवावं. मी तरी वाहणार नाही.

कापून घेताना

आधी पुठ्ठा. खुंटांमधलं अंतर प्रत्यक्ष मोजा, बहुतेक एमटीबींना ते ८० मिमीच्या आसपास असतं, जुन्या किंवा टूरिंग फ्रेमला बरंच कमी असू शकतं. २.१ इंची टायरला आतली मोकळी रुंदी ६६ मिमी लागते आणि टायरच्या माथ्यावर किमान १० मिमी मोकळी जागा. पावसाळ्यात काळ्या मातीतून नेणार असाल तर १५ ठेवा. ती माती टायरला गुंडाळून आधी इथेच अडकते आणि चाक जाम होतं. फुकट काहीच नाही: पाय ५ मिमीने उंच केले की कमानीचा माथा सुमारे १२ टक्के जास्त वाकतो. रस्त्यावरच्या वापरासाठी उगाच उंच करू नये.

पुठ्ठा लावून चार गोष्टी तपासा. आर्मच्या बाजूला स्प्रिंगचा ताण बदलायचा छोटा स्क्रू असतो, त्यात स्क्रू-ड्रायव्हर सरळ जातो का. शूच्या नटला ५ मिमीची ॲलन की लागते, ती पूर्ण फिरते का. नूडल, म्हणजे केबलची ती वाकडी नळी, सोडवताना कमानीला अडते का. आणि कॅरिअर किंवा मडगार्डची पट्टी आड येते का. हे सगळं पुठ्ठ्यावर सुधारायला पाच मिनिटं लागतात, ॲल्युमिनियमवर सुधारता येत नाही.

लेझरवाल्याला किंवा वॉटरजेटवाल्याला आराखड्याची डीएक्सएफ फाइल द्या. ४-५ मिमी ॲल्युमिनियम दोन्हींवर कापलं जातं. वॉटरजेटने कड थंड राहते, लेझरने खालच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, येते ती काढावी लागते. कमान सपाट प्लेटमधूनच कापायची. सरळ पट्टी तापवून नालेसारखी वाकवली तर टी६ चा कडकपणा गेला, मग ती चांगल्या धातूची आहे म्हणण्यात अर्थ नाही.

एका बाजूचं भोक ६.२ मिमी गोल, दुसऱ्या बाजूला ६.५ रुंद आणि १२-१४ मिमी लांब खाच. कुठल्याच फ्रेमचे खुंट नेमके ८० वर नसतात. भोकाभोवती किमान ५ मिमी धातू राहू द्या. कापून आल्यावर कानशीने कडा मारा आणि आतली कड, टायरकडची, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. कमान फाकते तेव्हा ताण आतल्या कडेवर येतो. चीर पडलीच तर तिथल्या एखाद्या ओरखड्यापासून सुरू होईल. बाहेरची कड कशीही असली तरी चालते, हातमोजा अडकू नये एवढंच.

बसवताना

सगळ्यात जास्त गडबड बोल्टच्या डोक्याखाली होते. व्ही-ब्रेकचा आर्म खुंटावर किंवा स्वतःच्या बुशवर मोकळा फिरला पाहिजे. मूळ बोल्ट आवळला तरी आर्म मोकळा राहतो, कारण बोल्टचं डोकं खुंटाच्या किंवा बुशच्या टोकावर टेकतं, आर्मवर नाही. मध्ये थेट कमान घातली की तिचा सपाट भाग आर्मलाही घासतो, आणि ब्रेक दाबल्यावर शू परतच येत नाही. लोक मग स्प्रिंगला दोष देऊन तिचे स्क्रू आत घालत बसतात. उपाय म्हणजे कमान आणि खुंट यांच्यामध्ये दीड-दोन मिमी जाडीची छोटी चकती, आत ६.२ मिमी, बाहेर १० मिमीपेक्षा मोठी नाही. साधा एम६ वॉशर बाहेरून १२ मिमी असतो, तो आर्मवर चढतो. त्याला ड्रिलमध्ये बोल्टवर पकडून कानशीवर फिरवून लहान करा.

बोल्ट लांब लागतो. मूळ बोल्ट काढून मोजा आणि त्यात कमान आणि चकतीची जाडी मिळवा. १६ मिमीचा असेल तर ४ अधिक २ धरून २२ होतात, बाजारात मिळतो २० किंवा २५ चा. खुंटात किमान ८-९ मिमी आटे पकडले पाहिजेत, त्यामुळे २० चा घेऊन चालवून नेऊ नका. २५ चा घ्या, पण खुंटाचं भोक आरपार आहे की बंद ते सायकलच्या स्पोकने मोजून बघा. बंद भोकात लांब बोल्ट तळाला टेकतो, टॉर्क रेंच बरोबर आकडा दाखवतो आणि कमान मात्र ढिली. असं असेल तर बोल्ट कापून कडेला कानस मारा. दर्जा ८.८ किंवा स्टेनलेस ए२-७०. आवळायचा जोर ५ ते ७ न्यूटन-मीटर. सस्पेन्शन चिमट्याचे खालचे पाय मॅग्नेशियमचे असतील तर पाचच्या वर जाऊ नका. तिथले आटे गेले तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून घेण्याशिवाय मार्ग नाही, आणि ते काम कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही.

दोन्ही बोल्ट बोटांनी आत जायला हवेत. एक लावल्यावर दुसरा घालण्यासाठी नळ्या ओढाव्या किंवा रेटाव्या लागत असतील तर खाच अपुरी आहे, ती कानशीने वाढवा. जबरदस्तीने लावलेली कमान फ्रेमला कायम ओढून धरते, शूचं अंतर बिघडतं. गोल भोकाची बाजू आधी आवळा, मग खाचेची. ब्रेक मोकळा असताना. दाबून धरून आवळायची एक पद्धत सांगितली जाते, तिने नळ्या फाकलेल्या अवस्थेतच बांधल्या जातात, म्हणजे नेमका उलटा उद्योग.

खाचेच्या बाजूला जोर निव्वळ घर्षणावर पेलला जातो. ६ न्यूटन-मीटरने आवळलेला कोरडा एम६ बोल्ट सुमारे ५००० न्यूटनने दाबतो, त्यातून घर्षण मिळतं १००० न्यूटनच्या आसपास. कमानीवर नेहमी चारेकशे येतात, दचकून ब्रेक मारला तर आठशे. फार मोकळीक नाही. म्हणून आट्यांना निळं थ्रेडलॉक किंवा थोडं ग्रीस चालेल, पण कमानीचा सपाट भाग, चकती आणि डोक्याखालचा वॉशर तेलकट नको, त्यावर जाड पावडर कोटिंगही नको. कोटिंग दबत जातं आणि बोल्ट आपोआप ढिला होतो. रंग हवाच असेल तर ॲनोडाइझ करा. खाच सरकते आहे का हे बघायला तिच्या कडेला मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटली की कळतं.

त्यानंतर शू नव्याने लावा. जुन्या फाकण्याच्या हिशोबाने दिलेला तिरकेपणा आता जास्त होतो, पुढची कड १ मिमीने आधी टेकेल एवढाच ठेवा. शू आणि रिममध्ये दोन्हीकडे १ ते दीड मिमी. आधी शू जवळजवळ चिकटवून ठेवलेले असतील तर आता मागे घ्या, थोडं हललेलं चाकही घासणार नाही.

हे सगळं करूनही लिव्हर मऊच वाटला तर आउटर केबल, म्हणजे केबलवरचं वेष्टण, बघा. जुनी, स्वस्त, टोकं वेडीवाकडी कापलेली आउटर फ्रेमइतकीच चाल खाते. टोकं काटकोनात कापून सपाट घासा आणि टोपी बसवा. गिअरची आउटर ताठ असते म्हणून ब्रेकला लावायचा मोह होतो, तो टाळा: तिच्या तारा लांबीच्या दिशेने असतात, ब्रेकच्या जोराने त्या फाटून बाहेर येतात आणि ब्रेक एका क्षणात जातो. आर्म हाताने पुढे-मागे हलवून बघा, बुशमध्ये खडखड असेल तर कमान त्याला काही करू शकत नाही. रिम शूला पुढे ओढते त्या दिशेचा जोर कमानीच्या सपाट बाजूवर येतो आणि तिथे ती जवळजवळ निरुपयोगी आहे.

पुढच्या सस्पेन्शन चिमट्याला बहुतेक वेळा कमान लागत नाही, दोन पायांना जोडणारा ओतीव पूल ते काम बऱ्यापैकी करतो. व्हर्निअरने मोजून मगच ठरवा. कार्बनच्या सीट-स्टेला धातूची कमान लावायच्या फंदात पडू नये. साध्या क्रोमोली स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या मागच्या त्रिकोणाला मात्र ती लावावी.

बोल्ट पहिल्या मोठ्या उतारानंतर एकदा तपासायचे, मग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. कोकणाच्या बाजूला राहत असाल तर पावसाळ्यानंतर ते पूर्ण बाहेर काढा. ॲल्युमिनियमच्या खुंटात स्टेनलेसचा बोल्ट खाऱ्या हवेत वर्षभर कोरडा राहिला की पांढरी भुकटी धरून जखडतो, आणि मग फिरतो तो बोल्ट नाही, खुंटच.